लहानपणीच्या एका सिनेमाने दिलेला आत्मविश्वास सत्तेचाळिसाव्या वर्षी परत मिळू शकतो का?

अजनीची लेक (प्रश्नकर्ती)

नमस्कार. प्रश्न विचारण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल, तेवढा वेळ कृपया द्यावा.

1990 च्या मे महिन्यात, मी बारा वर्षांची असताना, अजनीच्या रेल्वे कॉलनीत आमच्या ओळीतल्या सहा घरांनी वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणल्या होत्या. दोन कॅसेटी हिंदी सिनेमांच्या होत्या आणि तिसरी दुकानदाराने आपल्याच मनाने दिलेली, 'द कराटे किड' या 1984 सालच्या इंग्रजी सिनेमाची. दोन हिंदी सिनेमे संपेपर्यंत मोठी माणसे झोपून गेली होती आणि कूलरसमोर आम्ही चार-पाच मुलेच जागी होतो. त्या काळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे आणि माझी नुकतीच सहावी संपली होती, त्यामुळे संवाद मला जवळजवळ काहीच कळले नाहीत. जे कळले ते हातांच्या हालचालींवरून कळले.

एक मुलगा आईबरोबर नव्या गावात राहायला येतो. तिथली कराटे शिकलेली मुले त्याला मारतात. इमारतीची देखभाल करणारा एक वृद्ध जपानी गृहस्थ त्याला शिकवायचे कबूल करतो आणि प्रत्यक्षात मात्र त्याला जुन्या गाड्या चमकवायला लावतो, उजव्या हाताने एका दिशेने वर्तुळ आणि डाव्या हाताने दुसऱ्या दिशेने. मग लाकडी फरशी घासायला लावतो, मग कुंपण रंगवायला, मग घर. काही दिवसांनी मुलगा संतापून निघून जायला लागतो तेव्हा म्हातारा त्याला थांबवतो, त्याच हालचाली करून दाखवायला सांगतो आणि अचानक त्याच्यावर ठोसे आणि लाथा चालवतो. मुलाचे हात आपोआप प्रत्येक वार अडवतात. स्वतःच्याच हातांकडे पाहताना त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटते, ते कळायला मला इंग्रजीची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या ओळीतल्या सायकली पुसायला लागले. एकूण अकरा होत्या. नागपूरचा मे महिना असल्याने पहाटे साडेपाचला सुरुवात करावी लागे, कारण आठनंतर मडगार्डला हात लावला की चटका बसत असे. वडिलांच्या जुन्या बनियनची चिंधी, तिच्यावर बोटभर रॉकेल आणि उजव्या हाताने एका दिशेने, डाव्या हाताने दुसऱ्या दिशेने वर्तुळे. शाळा सुरू होईपर्यंत मी हे रोज केले. त्याआधी वर्गात बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही माझा घसा कोरडा पडायचा आणि आवाज फुटायचा नाही. त्या जुलैत, कुणी नाव घेतलेले नसताना, मी उठून फळ्यावर गणित सोडवले आणि प्रत्येक पायरी मोठ्याने सांगितली. खडूने माखलेली माझी बोटे मला आजही दिसतात.

आज मी एका कार्यालयात बावीस वर्षांपासून लघुलेखिका, म्हणजे स्टेनोग्राफर आहे. मिनिटाला 120 शब्दांची परीक्षा मी फार पूर्वीच उत्तीर्ण झाले आणि माझ्या कामाबद्दल कधी कुणाची तक्रार आलेली नाही. पुढच्या महिन्यापासून नव्याने रुजू झालेल्या 18 जणांना तीन आठवडे लघुलेखन शिकवण्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. दोनदा मी नम्रपणे नकार दिला, तिसऱ्यांदा देता येणार नाही. केवळ त्या खोलीची कल्पना केली तरी घसा तसाच कोरडा पडतो, सहावीत पडायचा तसा.

म्हणून गेल्या रविवारी मी मुलीला सोबत घेऊन तो सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी शब्द वाचत. गाडी चमकवण्याच्या प्रसंगाने मला काहीच झाले नाही. रडू आले ते दुसऱ्याच प्रसंगी. तो म्हातारा एका रात्री दारू पिऊन बसलेला असतो आणि मुलाला एका जुन्या कागदावरून कळते, की दुसऱ्या महायुद्धात हा माणूस अमेरिकेच्या सैन्यातून लढत असताना त्याची पत्नी आणि नवजात बाळ मॅन्झनारच्या छावणीत, जिथे अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना कोंडले होते, प्रसूतीच्या वेळी वारले. बाराव्या वर्षी मला वाटले होते की म्हाताऱ्याला ताप आला आहे.

माझा प्रश्न असा आहे. त्या उन्हाळ्यात मला जे मिळाले ते खरे होते, की लहान मुलीची समजूत होती? खरे असेल, तर ते गेले कुठे, आणि या वयात ते परत आणता येते का? 'स्वतःवर विश्वास ठेवा' एवढेच उत्तर कृपया देऊ नये. तो कसा ठेवतात, हेच मला विचारायचे आहे.


गोलाकार (त्रिमूर्तीनगर)

ताई, मी गेली एकोणीस वर्षे मुलांना कराटे शिकवतो आणि या सिनेमाविषयी माझ्या मनात कृतज्ञता आणि तक्रार दोन्ही आहेत.

कृतज्ञता अशासाठी, की त्यामागे अस्सल विद्या आहे. पटकथाकार रॉबर्ट मार्क केमन हे स्वतः ओकिनावा बेटावरची गोजू-रयू ही पद्धत शिकलेले होते, आणि त्या म्हाताऱ्याचे मियागी हे आडनाव त्या पद्धतीचे संस्थापक चोजुन मियागी (1888–1953) यांच्यावरून घेतलेले आहे. गाडी पुसण्याच्या वर्तुळासारखी एक गोलाकार अडवणूक आमच्याकडे खरोखरच आहे, तिला मावाशी उके म्हणतात. मी ती रोज शिकवतो.

तक्रार अशी, की सिनेमात हे सगळे काही आठवड्यांत होते आणि दुरुस्त करणारा हात जवळजवळ दिसत नाही. माझ्याकडे येणारे मूल वर्तुळ काढायला लागले की पहिले काही महिने त्याचे कोपर बाहेर जाते, खांदा वर चढतो आणि मनगट सैल पडते. मी काही बोलत नाही. मागे उभा राहतो आणि कोपराला दोन बोटे लावून ते आत घेतो, दिवसातून वीसदा, तीसदा. सहा महिन्यांनी कधीतरी माझी बोटे पोहोचण्याआधीच कोपर आत आलेले असते. सराव म्हणजे नुसती पुनरावृत्ती नव्हे. चुकीचे वर्तुळ हजार वेळा काढले तर ते चुकीचे वर्तुळच पक्के होते.

तुम्ही सायकली पुसत होता तेव्हा तुमच्या कोपराला बोट लावणारे कुणी नव्हते, म्हणून त्यातून कराटे आले नाही. जे आले ते वेगळे होते. ज्या मुलीला आपण काहीच करू शकत नाही असे वाटत होते, तिने पाच-सहा आठवडे रोज पहाटे उठून ठरवलेले काम शेवटच्या सायकलीपर्यंत नेले. हे खरेच होते, त्याला समजूत म्हणण्याचे कारण नाही. परंतु स्पष्टच लिहितो, रागावू नये. हा विश्वास एका कामातून दुसऱ्या कामात आपोआप उतरत नाही. माझ्याकडचा काळ्या पट्ट्याचा मुलगा महाविद्यालयातल्या तोंडी परीक्षेत थरथरतो. तेव्हा जुने परत आणण्याच्या मागे न लागता नव्याने बांधा. रिकाम्या खोलीत उभे राहून मोठ्याने बोला, रोज, आणि कुणाला तरी समोर बसवून चूक दाखवायला सांगा.


धंतोलीहून

वरील प्रतिसादाला मी थोडी शास्त्रीय जोड देऊ इच्छिते. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते.

आल्बर्ट बांडुरा (1925–2021) या मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली मांडलेल्या विवेचनात, 'हे काम मला जमेल' असा विश्वास चार ठिकाणांहून येतो असे म्हटले आहे. स्वतः काम करून मिळालेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला यशस्वी होताना पाहणे, इतरांनी दिलेला धीर आणि शरीराची त्या वेळची अवस्था, म्हणजे धडधड, घाम, कोरडा घसा यांचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत बळकट पहिले. सिनेमा दुसऱ्यात मोडतो.

त्याआधी 1969 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापांची तीव्र भीती असलेल्या लोकांवर केलेला प्रयोग तर तुमच्या प्रश्नासाठीच केल्यासारखा आहे. काहींना, इतर माणसे सापाला हाताळत आहेत अशी फीत दाखवली. काहींसमोर एका व्यक्तीने प्रत्यक्ष साप हाताळला आणि मग हाताला धरून, पायरी पायरीने, त्यांनाही हाताळायला लावले. फीत पाहणाऱ्यांची भीती बरीच कमी झाली, पण ज्यांनी स्वतः हात लावला त्यांच्यात झालेला बदल सर्वांत मोठा होता.

तेव्हा 1990 मध्ये तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या. रात्री तुम्ही पाहिले आणि पहाटे उठून केले. गेल्या रविवारी फक्त पाहिले. प्रसंग कोरडा वाटला यात तुमच्या मनाचा काही दोष नाही.

घशाबद्दल एक गोष्ट. कोरडा घसा हा 'मला येत नाही' याचा पुरावा नाही. अंगावर महत्त्वाचे काम आले की शरीर असेच करते.


अजनीची लेक

दोघांचेही मनापासून आभार. कोपराला लावलेल्या दोन बोटांचे वर्णन मी तीनदा वाचले. काल रात्री सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने बोलण्याचा प्रयत्न केला. चार वाक्यांनंतर माझाच आवाज मला परका वाटायला लागला आणि पुढचे सगळे लक्ष त्या आवाजाकडेच गेले. काय सांगायचे होते ते राहूनच गेले. उद्या पुन्हा करीन.


पन्हेरीवाला (वरूडकडचा, सध्या मनीषनगर)

ताई, तुमचा शेवटचा संदेश वाचला म्हणून लिहायला बसलो. नाहीतर मी इथे फक्त वाचतो.

आमचे घराणे संत्र्याच्या कलमांचे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की नागपुरी संत्र्याचे झाड आम्ही बियांपासून वाढवत नाही. जंबेरी या काटक लिंबाची पन्हेरी, म्हणजे रोपे, तयार करतो, तिचे खोड पेन्सिलीच्या जाडीचे झाले की वीतभर उंचीच्या वर सालीवर चाकूने लहानशी चीर देतो, साल अलगद उचलतो आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा तिच्या आत सरकवून पट्टीने बांधतो. डोळा जमिनीच्या जवळ भरला तर डिंक्या हा खोडाचा रोग लवकर लागतो, म्हणून उंची सांभाळावी लागते. चीर खोल गेली तर आतले लाकूड दुखावते, उथळ गेली तर साल फाटते. बांधणारा कुशल असेल तर दिवसाला शेकडो डोळे भरतो आणि भरताना शेजाऱ्याशी गप्पाही मारतो.

मी नऊ वर्षांचा असताना मला चाकू हवा होता. आजोबांनी दिला नाही. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला पन्हेरीच्या खालच्या अंगाचे काटे आणि पाने काढायला बसवले. दुसऱ्या हिवाळ्यात पट्ट्या कापायला आणि भरलेल्या डोळ्यांवर त्या गुंडाळायला. मी रडायचो, कारण माझ्याहून लहान चुलतभावाला त्याच्या वडिलांनी चाकू दिला होता. तिसऱ्या वर्षी आजोबांनी एक शब्द न बोलता चाकू माझ्या हातात ठेवला. पहिल्याच रोपाला अंगठा लावला आणि मला कळले की याची साल आज सुटणार नाही, याला पाणी कमी पडले आहे. हे मला कुणी शिकवले नव्हते. दोन हिवाळे काटे काढताना हजारो खोडे बोटांखालून गेली होती, आणि सुटणारी साल कशी लागते, न सुटणारी कशी लागते, हे बोटांनी परस्पर शिकून घेतले होते. आजोबा बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "मग पुढचं घे."

तो सिनेमा मी फार उशिरा, पंचवीस वर्षांचा असताना केबलवर पाहिला आणि त्या मुलाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य मी लगेच ओळखले.

आता माझा मुद्दा. तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहून गेलात, की मिनिटाला 120 शब्दांची परीक्षा फार पूर्वीच उत्तीर्ण झाले, आणि पुढे निघून गेलात. मी तिथेच थांबलो. मिनिटाला 120 म्हणजे सेकंदाला दोन शब्द. बोलणारा थांबत नाही, तुम्ही त्याला थांबवू शकत नाही, आणि तुमच्या हातातली पेन्सिल त्याच्या मागे पळत असते. हे तुम्ही कसे शिकलात? माझ्या बहिणीने सीताबर्डीच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये लघुलेखन शिकले. ती पहिले कित्येक आठवडे रात्री वहीत एकच रेघ काढत बसायची, पानेच्या पाने, एक पान बारीक रेघांचे आणि एक पान जाड रेघांचे, आणि आईला वाटायचे की फी वाया चालली आहे. तुम्हीही हेच केले असणार. तुम्ही अकरा सायकलींच्या आठवणीत त्या विश्वासाला शोधता आहात आणि तो बावीस वर्षे तुमच्या पेन्सिलीत बसून आहे.

आणि गोलाकार गुरुजींचा आदर ठेवूनच एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. स्वयंपाकघरात उभे राहून नुसते बोलण्याचा सराव तुम्हाला उलटा पडतो आहे, हे तुम्ही स्वतःच लिहिले. लक्ष आवाजाकडे जाते आणि काम सुटते. सिनेमातल्या त्या मुलाचे हात चालले, कारण त्याला विचार करायला वेळच नव्हता. डिक्टेशन घेताना तुम्ही 'आता माझी रेघ कशी येते आहे' असे बघत बसलात तर पुढचे पाच शब्द जातील. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग बोलताना हात रिकामा का ठेवता? पेन्सिल घ्या. ज्या हाताला येते त्याच्या मागोमाग तोंडाला जाऊ द्या.


गोलाकार (त्रिमूर्तीनगर)

पन्हेरीवाले भाऊ, तुमचे म्हणणे मला पटले. मी घाईने सल्ला दिला. काळ्या पट्ट्याच्या त्या मुलाचेही मला आता आठवते, की तोंडी परीक्षेत थरथरणारा तोच मुलगा लहान मुलांना हालचाल करून दाखवता दाखवता तासभर न अडखळता बोलतो. मी ते रोज पाहतो आणि कधी त्याचा विचार केला नाही.


निवृत्त मुख्याध्यापक (महाल)

चिरंजीव ताईस आशीर्वाद. माझे वय 74 आहे आणि हा सिनेमा मी नातवंडांबरोबर पाहिलेला आहे. आपण ज्या प्रसंगी रडलात त्याकडे इथे कुणी वळले नाही, म्हणून चार शब्द लिहितो.

मियागींची भूमिका करणारे पॅट मोरिता (1932–2005) यांना वयाच्या दुसऱ्या वर्षी मणक्याचा क्षय झाला. पुढची सुमारे नऊ वर्षे त्यांनी रुग्णालयात काढली, बराच काळ शरीर प्लास्टरमध्ये, आणि हा मुलगा कधी चालणार नाही असे सांगण्यात आले होते. अकराव्या वर्षी तो चालायला लागला, आणि रुग्णालयातून त्याला घरी न नेता थेट अॅरिझोनातल्या गिला रिव्हर येथील छावणीत नेण्यात आले, कारण त्याचे कुटुंब तिथे कोंडलेले होते. युद्धकाळात जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना अमेरिकेने असे छावण्यांत ठेवले होते, आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिकच होते. ज्या प्रसंगाने आपल्याला रडवले तो करणारा माणूस लहानपणी स्वतः अशा छावणीत राहिलेला होता.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची आहे. मोरितांना कराटे येत नव्हते. ते विनोदी कलावंत म्हणून प्रसिद्ध होते, त्यामुळे निर्माते सुरुवातीला त्यांना ही भूमिका द्यायला तयार नव्हते, आणि अवघड मारामारीच्या दृश्यांत त्यांच्या जागी फुमिओ देमुरा हे खरे कराटेगुरू उभे राहिले. तरीही त्या भूमिकेसाठी मोरितांना ऑस्करचे नामांकन मिळाले आणि जगभरच्या मुलांना गुरू म्हटले की तो चेहरा आठवू लागला. आपल्याला तर विद्या येते. त्यांना ती येत नव्हती.

मी 36 वर्षे शिकवले. दरवर्षी 26 जूनला पहिल्या तासाला माझा घसा कोरडा पडत असे आणि मी डावा हात टेबलावर टेकवून ठेवत असे. शेवटच्या वर्षीही टेकवला होता. विद्यार्थ्यांना ती माझी लकब वाटायची. तो म्हातारा त्या रात्री दुःखाने कोलमडलेला असतो, त्याचे स्वतःवर नियंत्रण राहिलेले नसते, आणि तरी पुढे तो मुलाला शिकवत राहतो. मला तो सिनेमातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. घसा कोरडा असताना शिकवता येते, बेटा. पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा.


अजनीची लेक

आज बारा दिवसांनी लिहिते आहे, क्षमा असावी.

पन्हेरीवाले दादांचा प्रतिसाद वाचून मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात माझ्या शिकण्याच्या काळातल्या सात वह्या निघाल्या. पिटमन पद्धतीत, जी आयझॅक पिटमन यांनी 1837 साली प्रसिद्ध केली, इंग्रजीतल्या 'प' आणि 'ब' यांच्या रेघा एकाच दिशेने जातात, एकाच लांबीच्या असतात, फक्त 'प' बारीक आणि 'ब' जाड. तसेच 'ट' आणि 'ड', 'च' आणि 'ज', 'क' आणि 'ग'. पेन्सिलीवरचा दाब किंचित बदलला की अक्षर बदलते. पहिल्या वहीतली माझी पाने पाहून मला वाईट वाटले, कारण सगळ्याच रेघा जाड होत्या. भीतीने पेन्सिल दाबली जायची. कितीतरी पानांवर आमच्या बाईंनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता, 'हलके'. त्या अधूनमधून मागून येऊन माझ्या मनगटाखाली आपले बोट ठेवायच्या, म्हणजे हात कागदावर रेलू नये. हे मी पूर्णपणे विसरून गेले होते. कोपराला लावलेल्या दोन बोटांविषयी मी तीनदा का वाचत होते, ते तेव्हा लक्षात आले.

चौथ्या वहीपासून लाल शाई कमी झाली आहे. सातव्या वहीत ती नाहीच.

मुलीला मी शेजारी बसवले आणि म्हटले, मला तुला एक तास शिकवू दे. ती तेरा वर्षांची आहे आणि तिला लघुलेखनात काडीचा रस नाही, पण बसली. सुरुवातीला मी उभी राहून बोलले आणि पुन्हा तोच परका आवाज ऐकू आला. मग मी खाली बसले, पेन्सिल घेतली आणि तिच्या वहीत 'प' काढून दाखवला, त्याखाली 'ब'. तिने काढले ते दोन्ही जाड. मी तिच्या मनगटाखाली बोट ठेवले आणि सांगायला लागले, की कागद दाबायचा नाही, पेन्सिलीचे वजन पेन्सिललाच उचलू दे, रेघ संपते तिथे हात आधीच सुटलेला हवा. काही वेळाने तिची एक रेघ इतकी बारीक आणि नीट आली की तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. घड्याळात पाहिले तर चाळीस मिनिटे झाली होती आणि मी सबंध वेळ बोलत होते. घसा कसा होता ते मला सांगता येत नाही, कारण मी तिकडे पाहिलेच नव्हते.

यानंतर पाच संध्याकाळी तसेच केले. दोनदा शेजारच्या दोन मुलींनाही बसवले. त्यांतल्या एका संध्याकाळी घसा पुन्हा आवळला गेला, तेव्हा मुख्याध्यापक सरांची आठवण ठेवून डावा हात टेबलावर टेकवला, पाणी प्यायले आणि पुढचा शब्द सांगितला.

सोमवारी सव्वादहाला वर्ग सुरू होतो. पहिल्या तासाला माईक घ्यायचा नाही आणि मागच्या भिंतीपाशी उभे राहायचे नाही, अशी परवानगी मी साहेबांकडून घेतली आहे. टेबले गोलाकार लावून मिळणार आहेत, म्हणजे मला प्रत्येकाच्या मागून जाता येईल. काल बर्डीवर जाऊन अठरा वह्या आणि दोन डझन पेन्सिली आणल्या. पेन्सिली टोक न काढताच ठेवल्या आहेत. आधी प्रत्येकाने स्वतःच्या पेन्सिलीला टोक काढायचे, मग एक पान बारीक रेघांचे, मग एक पान जाड रेघांचे, आणि मी मागून फिरत राहणार.

माझी पहिली वही मी सोबत नेणार आहे. कुणी म्हणाले की आपल्याला हे जमणार नाही, तर त्याच्यासमोर ती उघडून ठेवीन.